एका अक्षरावर अडलेले सर

आमच्या बायॉलॉजीवाल्या सरांइतका एकाच धड्यावर जीव जडलेला माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा झाला नसेल. माणसं बाईपायी वेडी होतात, दारूपायी होतात, काही पत्त्यांपायी आणि उरलेली राजकारणापायी. सर वेडे झाले ते बारावीच्या पुस्तकातल्या एका प्रकरणापायी. पेशीच्या केंद्रकात डीएनए बसलेला असतो आणि त्यावरून संदेशवाहक आरएनए नावाची नक्कल उतरवली जाते, एवढाच त्या प्रकरणाचा विषय. इतर कॉलेजांतले मास्तर तो दोन तासांत उरकून पुढे जात. आमचे सर दिवाळीच्या सुट्टीच्या आधी त्यात शिरत आणि परीक्षेची हॉलतिकिटं आली तरी बाहेर पडत नसत.

कुरखेडा तालुक्यातल्या त्या गावात कनिष्ठ महाविद्यालय निघालं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे गडचिरोली जिल्हा चांदा उर्फ चंद्रपूरपासून वेगळा झाला त्याच सुमारास. संस्थेचे अध्यक्ष धानाच्या गिरणीचे मालक होते, आणि विज्ञान शाखा त्यांनी शेजारच्या गावात निघाली म्हणून काढली होती. मी तिथं मराठी शिकवत होतो आणि सरांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो, त्यामुळे हे प्रकरण माझंही पाठ झालं. सर चांद्याकडच्या बौद्ध घरातले. वडील माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, आणि सर त्यांच्या वस्तीतले पहिले एम.एस्सी. त्यांना नागपुरात संशोधन करायचं होतं, पण घरी पगार लवकर यायला हवा होता, म्हणून ते आमच्याकडे आले. सोबत एक ट्रंक, नवी बायको आणि हे प्रकरण घेऊन आले.

डीएनएवर बसून नक्कल उतरवणाऱ्या एन्झाइमला सर 'बाई' म्हणत. तिचं पुस्तकातलं नाव पॉलिमरेज, पण सरांच्या तोंडी ते कधीच नसे. "बाई येते," ते सांगत, आणि त्यांचा आवाज घरातल्या वडीलधाऱ्या बाईबद्दल बोलावं तसा होई, "नेमक्या जागी बसते. डीएनएची वेणी तेवढीच उकलते, जेवढी लागते. एक पेड समोर ठेवते अन् अक्षराला अक्षर जुळवत जाते. समोर जी दिसला का सी. सी दिसला का जी. टी दिसला का ए. अन् ए दिसला का टी नाई हो पोट्टेहो, यू. आरएनएत टी नसते. काम झालं का वेणी पुन्हा जशीच्या तशी. मूळ कागद घरातच, नक्कल तेवढी बाहेर." हे सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटत. पहिल्या बाकावरच्या पोरी वहीत वेण्या काढत, आणि शेवटच्या बाकावरचे पोट्टे आपापल्या कामाला लागत.

वेणीनं समजलं नाही तर सर चेन घेत. त्यांच्याजवळ रेक्झिनची एक बॅग होती. तिची चेन उघडून-लावून त्यांनी तिचे दात पाडले, तेव्हापासून ती सुतळीनं बांधलेली असे. मग ते दुसऱ्यांच्या चेनी शोधू लागले. एका हिवाळ्यात मुख्याध्यापकांनी नागपूरहून नवं जर्किन आणलं. ते घालून ते स्टाफरूममध्ये आले, आणि कुणी कौतुक करायच्या आत सरांनी त्यांना खिडकीजवळ उभं करून आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. "हे पाहा, इथून बाई बसली," म्हणत त्यांनी चेन खाली ओढली. नाभीपाशी आल्यावर बाई अडकली. वर जाईना, खाली जाईना. सरांनी जोर लावला, शिपायानं लावला, गणितवाल्यांनी तेल सुचवलं. त्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब भेटीला यायचे होते. मुख्याध्यापकांनी त्यांचं स्वागत अर्ध्या उघड्या जर्किनात केलं आणि संध्याकाळी गावातल्या शिंप्याकडून ते अंगावरच कापून घेतलं. सरांना त्याचं वाईट वाटलंच नाही असं नाही. ते मला म्हणाले, "मराठीवाले, एक सांगू का, खऱ्या पेशीत असं अडकत नाई."

सरकारी कचेरीत तर सरांना माहेरी आल्यासारखं वाटे. एकदा मला वडिलांच्या जमिनीच्या एका जुन्या कागदाची नक्कल हवी होती, म्हणून सर सोबत आले. कारकुनानं मान वर न करता सांगितलं, "जुनं रेकॉर्ड चांद्याले आहे. तिकडून आल्याशिवाय इथी काही भेटत नाई." त्या काळात आमच्या नव्या जिल्ह्यात कुठलाही कागद मागितला की हेच उत्तर मिळे. कधीकधी वाटे, अख्खा गडचिरोली जिल्हा चांद्याच्या कपाटात आहे आणि आम्ही फक्त राहायला इकडे आलो आहोत. मी वैतागलो, सर मात्र खुलले. त्यांनी खुर्ची ओढली आणि कारकुनाला समजावलं, की मूळ कागद आत ठेवून बाहेर नक्कल द्यायची ही पद्धत तुमची नव्हे, पेशीची आहे. फरक एवढाच, की पेशीत मागितली की मिळते. कारकून पान चघळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, तुमच्या त्या बाईची बदली इकडे करून टाका ना. आमाले माणसं कमी आहे." सरांनी हे उत्तर पुढे कितीतरी वर्षं वर्गात सांगितलं, आणि कारकुनाला विषय समजला याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता.

या सगळ्यावर कळस म्हणजे बारावीची परीक्षा. आमच्याकडे परीक्षा म्हणजे जत्राच. खिडक्यांबाहेर मामे, काके, भाऊजी जमत आणि दगडाला गुंडाळलेल्या चिठ्ठ्या आत येत. त्याला सगळे 'कॉपी' म्हणत, आणि हा शब्द ऐकला की सरांच्या कपाळावर आठी पडे. इतक्या पवित्र कामाचं नाव इतक्या घाणेरड्या धंद्याला दिलेलं त्यांना सोसवत नसे. एका वर्षी बायॉलॉजीच्या पेपराला त्यांची पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली. स्वतःच्याच विषयाला अशी नेमणूक करायची नसते, पण माणसं कमी होती. एका मुलाच्या बाहीतून त्यांनी चिठ्ठी ओढून काढली. आता हा पोट्टा गेला, असं सगळ्या वर्गाला वाटलं. सर चिठ्ठी वाचू लागले. तीत नेमकं त्यांचंच प्रकरण होतं आणि त्यात आरएनएमध्ये यूच्या जागी टी लिहिलेला होता, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. सर खिडकीशी गेले, खिशातून लाल पेन काढलं आणि सगळे टी खोडून यू केले. मग, मी हे त्या मुलाच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांनी चिठ्ठी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "काऊन बे, वर्षभर काय सांगून राह्यलो मी?" आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं तोवर मुलगा उत्तर लिहून मोकळा झाला होता. चौकशी बसली. मुख्याध्यापकांनी विचारलं, चिठ्ठी परत काऊन दिली? सर म्हणाले, "चुकीची होती म्हणून."

असा माणूस लोकांना आवडतो, पण लोक त्याला मोजत नाहीत. स्टाफरूममध्ये सर आले की आम्ही विषय बदलत असू, आणि विषय कुठलाही काढला तरी सर तो बरोबर केंद्रकात नेऊन सोडत. संस्थेच्या अध्यक्षांनी तर एकदा सगळं प्रकरण शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे किती मार्काले येते?" सरांनी आकडा सांगितला. अध्यक्ष म्हणाले, "मंग येवढा भुसा काऊन काढून राह्यले?"

सुनंदाचं प्रकरण झालं ते चिठ्ठीच्या चौकशीनंतरच्या वर्षी. सुनंदा बारावीत होती, कोरचीकडच्या एका गोंड पाड्यातली, गावातल्या मुलींच्या वसतिगृहात राहणारी. हुशार होती, पण थंडी सुरू झाली की तिचे गुडघे आणि कोपरे दुखत. ती वर्गात पेंगे, ड्रिलच्या तासाला झाडाखाली बसून राही. वसतिगृहाच्या अधीक्षिका म्हणत, नाटक करते. आमचे पीटीवाले सर म्हणत, काम नको म्हणून दुखते. आमच्या बायॉलॉजीवाल्या सरांचंही तिच्याबद्दल मत चांगलं नव्हतं. बाई वेणी उकलत असताना ही झोपते, हा त्यांना अपमान वाटे.

जानेवारीत झेंड्याच्या परेडची तालीम सुरू झाली. पहाटेच्या गारठ्यात पोरं मैदानावर उभी राहत. पीटीवाल्यांनी सुनंदाला ओळीत सर्वांत पुढे उभं केलं, म्हणजे तिला बसता येऊ नये. ती बराच वेळ उभी राहिली आणि मग कापलेल्या फांदीसारखी खाली आली. आम्ही धावलो. ती रडत नव्हती, दात आवळून दोन्ही गुडघे धरून पडली होती. "सर, हाडाच्या आत दुखते," एवढंच ती म्हणाली. सरांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. पांढरं असायला हवं तिथं हळदीची झाक होती. गर्दीतून कुणी म्हणालं, कावीळ आहे, माळ बांधा. सरांनी तिची खालची पापणी ओढून पुन्हा पाहिलं आणि माळ आणायला निघालेल्याला थांबवलं.

थोड्या वेळानं ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. आमच्या कॉलेजात एक सूक्ष्मदर्शक होता. तो तिथल्याच कपाटात कुलूपबंद असे, कारण तो फुटला असता तर विज्ञान शाखेजवळ दाखवायला काही उरलं नसतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे, एरवी कपाट उघडत नसे. सरांनी किल्ली मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "अर्ज द्या. अध्यक्षांची सही लागंन. ते रायपूरले गेले, सोमवारी येतीन." सरांनी पुन्हा मागितली. मुख्याध्यापकांनी जर्किनची आठवण काढली. तेव्हा सर बाहेर आले, मैदानावरून अर्धी वीट उचलली आणि परत आत जाऊन एका घावात कुलूप तोडलं. मग वीट जिथून आणली तिथं नेऊन ठेवली. त्यांच्या वागण्यात राग अजिबात नव्हता, आणि म्हणूनच कुणी त्यांना अडवलं नाही.

सुनंदाच्या बोटाला सुई टोचून त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला. वर दुसरी पातळ काच ठेवली, कडांना व्हॅसलिन लावून हवा बंद केली आणि म्हणाले, "उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं, मग मला बोलावलं. मी आजवर पुस्तकात पाहिलेल्या रक्तपेशी गोल होत्या, बत्ताशासारख्या. इथं गोल थोड्याच होत्या. बाकीच्या लांब, वाकड्या, टोकदार झालेल्या.

"इळा," सर म्हणाले. धान कापायला आमच्याकडे इळा वापरतात, तसाच आकार. "रक्ताच्या बारीक नळीत हे अडकते. मंग पुढे रक्त जात नाई. तेच दुखते तिले."

त्यांनी सगळ्यांना एकेक करून दाखवलं. मुख्याध्यापकांनी भलताच डोळा मिटून पाहिलं आणि बरोबर आहे म्हणाले. पीटीवाल्यांनी मात्र नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं, आणि त्या दिवसापासून परेडच्या वेळी ते स्वतः सुनंदाला उन्हात खुर्ची टाकून देऊ लागले.

सर तिला एसटीनं जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी सिकलसेल असल्याचं सांगितलं. बरं करायचं औषध नाही. पाणी भरपूर प्यायचं, थंडीत नदीवर आंघोळ करायची नाही, ओझं उचलायचं नाही, ताप आला की लगेच यायचं. सर परतले ते रुबाबात. आता प्रकरणाला काही अर्थ आला असं त्यांना वाटत होतं. दोन दिवस ते सगळ्यांना सांगत होते, की तीन अब्ज अक्षरांच्या पोथीत एका जागी एच्या ठिकाणी टी आहे, एवढ्यानं हे होतं. आणि बाईची कमाल पाहा, ते चुकीचं अक्षरही ती इमानदारीनं उतरवते. स्वतःच्या मनानं काहीही सुधारत नाही.

तिसऱ्या दिवशी सुनंदाचे वडील आले. उंच, सडपातळ माणूस, खांद्यावर घोंगडी. स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभे राहिले. सरांनी त्यांना बसवलं आणि खडू घेतला. फळ्यावर वेणी काढली, अक्षरं काढली, बाई कुठं बसते ते दाखवलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "सर, हे अक्षर तिच्यात आलं कुठून?"

"आईबापाकडून, भाऊ. अर्धं तुमच्याकडून, अर्धं आईकडून. तुमाले त्रास नाई, काऊन का तुमच्याजवळ दुसरी प्रत चांगली आहे. तिले दोन्हीकडून तेच आलं."

"म्हणजे मीच देल्लं तिले."

सरांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्या बाबानं तुमाले देल्लं, भाऊ," सर हळू म्हणाले. "त्याच्या बाबानं त्याले. कोणी पाह्यून देल्लं नाई."

"खोडता येत नाई का?"

"नाई."

"मंग हे जे उतरवते म्हन्ता तुमी, तिले तरी सांगता येत नाई का, का बाई, येवढं सोडून दे?"

सरांनी फळ्याकडे पाहिलं. "नाई येत, भाऊ. ते बाई कोणाचं ऐकत नाई."

सुनंदाच्या वडिलांनी मान हलवली. आता दिवसभर पाणी कसं प्यायला लावायचं, धानकापणीला नेऊ का नको, एवढं विचारून घेतलं आणि पोरीला भेटायला वसतिगृहाकडे गेले. त्यांनी पाठ फिरवल्यावर सरांनी फळा पुसला. इतकी वर्षं ते बाईच्या इमानदारीचं कौतुक सांगत आले होते. त्या इमानदारीत दया असते का, हे बहुधा त्यांना त्या दुपारपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

कुलूप तोडल्याबद्दल संस्थेनं त्यांची बदली आपल्याच एटापल्लीकडच्या शाळेत केली. तिथं विज्ञान शाखा नव्हतीच. सर पाचवी-सहावीला शिकवणार होते. अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात मला सांगितलं, "माणूस चांगला आहे, पन त्याले मालमत्तेची किंमत नाई." सुनंदा परीक्षेला बसली आणि पासही झाली. पुढे ती कुरखेड्याला एका बालवाडीत शिकवायला लागली. थंडीचे दोन महिने तिला जड जात, पण उरलेल्या वर्षात ती छान राहिली.

सर निघाले त्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेलो होतो. वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, दिवस गेले होते. त्या सामानाजवळ सावलीत बसल्या होत्या. बोलता बोलता मी विचारलं, "सर, तुम्ही स्वतःचं रक्त पाह्यलं का?" प्रश्न आगाऊ होता, पण हा आजार कुणा एका जातीपुरता नाही हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. चांद्याकडच्या त्यांच्या वस्तीतही तो असणार, हेही तेच म्हणाले होते.

सरांनी वहिनींकडे एकदा पाहिलं. "सुई काढली होती," ते म्हणाले. "बोटाले लावली बी होती." मग म्हणाले, "पाहू कधीतरी, मराठीवाले." तेवढ्यात गाडी लागली.

तीनेक वर्षांनी एका हिवाळ्यात कामानिमित्त मी एटापल्लीला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे उतरलो. अंगणात शेकोटी होती. त्यांची मुलगी, गोल चेहऱ्याची, फ्रॉकवर आईचा ब्लाऊज स्वेटरसारखा चढवलेली, अनवाणी कोंबडीच्या मागे धावत होती. सर पायरीवर बसले होते. बाकी सगळ्यावर बोलले, शाळा, रस्ता, नक्षलवाले, पोलीस. त्या प्रकरणाबद्दल अक्षरही नाही. मी वाट पाहत होतो. मध्येच त्यांनी मुलीला जवळ बोलावलं, मांडीवर घेतलं आणि तिचे गार पडलेले गुडघे दोन्ही तळव्यांत झाकले.

"पाय दुखते का माय?"

"नाई."

"हात?"

"नाई ना, बाबा. कोंबडी पळून राह्यली."

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी कप माझ्या हाती दिला आणि हसून म्हणाल्या, "रोज सकाळी हेच विचारते हे. पोट्टी कंटाळली." सरांनी मुलीला सोडलं. ती पुन्हा धावत सुटली, आणि ती विहिरीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर सर तिच्या पायांकडे पाहत राहिले.